टाकाऊ टेकचा नाद

खोकं जड आहे. दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवता तेव्हा मनगटांना कळतं. नोव्हेंबर 2015. बॉब डिलनच्या 1965 आणि 1966 मधल्या स्टुडिओतल्या कामाचा हा सगळा ऐवज: 18 सीडी, 379 ट्रॅक, एकूण 5,000 प्रती, किंमत सहाशे डॉलरला एक सेंट कमी. ‘द कटिंग एज’ या संचाची ही सगळ्यांत मोठी आवृत्ती. त्या चौदा महिन्यांत या माणसानं स्टुडिओत जे जे ध्वनिमुद्रित केलं ते सगळं यात आहे, असं कंपनी सांगते. अर्धवट सोडलेल्या सुरुवाती, मध्येच कोसळलेली कडवी, काचेपलीकडून पुकारलेले टेकचे आकडे. एका गाण्याला तर अख्खी सीडी दिलेली.

पहिली सीडी लावता. खरखर नाही, सूं नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा तो तेवीस वर्षांचा आवाज हातभर अंतरावर उभा राहतो. तुम्हाला आनंद व्हायला हवा. अर्धा तास होतोही. मग पोट भरलेल्याला पंगतीत बसवल्यासारखं होतं. वाढपी येतो, वाढतो, पुन्हा येतो, आणि तुम्ही पानावर आडवा हात धरता. पाचव्या सीडीला तुमचा हात मोबाइलकडे जातो.

म्हणून मी म्हणतो, उठा. ज्यांनी यातलं एकेक गाणं मिळवायला वर्षं घालवली त्यांच्याकडे जाऊ. मागे, आणखी मागे, जिथं ही टेप पहिल्यांदा फिरली तिथपर्यंत.

निघण्याआधी शब्दांचा घोळ मिटवून टाकतो. आपल्याकडे सिनेमाची गाणी मुद्रित करताना टेकचे दोनच प्रकार मानत आले: ओके आणि एनजी. ओके झाला की वादक चहाला सुटतात. एनजी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. या एनजीचंच तिकडचं नाव आउटटेक. तो कंपनीच्या नकळत बाहेर पडला, विकला गेला, हातोहात फिरला, की बूटलेग. बुटात लपवून नेलेल्या दारूच्या बाटलीवरून आलेला शब्द. दारूसारखंच याचंही व्यसन लागतं. मराठीत त्याला आपण नाद म्हणतो. आवाजाला आणि छंदाला एकच शब्द असलेली आपली भाषा या लोकांना फार आवडली असती.

वाटेत डिसेंबर 2012 मध्ये मिनिटभर थांबा. युरोपातल्या एका दुकानात चार सीडींचा एक अगदी साधा संच आला आहे. घरी कॉपी करतो तशा सीडी-आर, वरचं पाकीट कोणी घाईत केल्यासारखं. जेमतेम शंभर प्रती. तुम्हाला वाटतं बूटलेग असणार. नीट बघा, खुद्द कंपनीनंच काढलाय! युरोपातला नवा नियम असा की ध्वनिमुद्रणाचं संरक्षण 50 वर्षांवरून 70 वर्षांवर जाईल, पण ते प्रसिद्ध झालेलं असेल तरच. पेटीत पडून राहिलेलं 50 वर्षांनी कोणाचंही. मग 1962 मधल्या उरल्यासुरल्या टेप वाचवायला कंपनीनं शंभर प्रती काढून ‘प्रसिद्ध केलं’ म्हणायची सोय केली. संचाच्या नावातच लिहून टाकलंय की हा कॉपीराइट वाढवायचा संग्रह आहे. इतका निर्लज्ज प्रामाणिकपणा चोरांनीही कधी दाखवला नव्हता.

चला.

1984. इंग्लंडमधल्या एका लहान गावातली वरच्या मजल्यावरची खोली. हिवाळा, खिडकीवर वाफ. तुम्ही पलंगाच्या कडेवर बसला आहात आणि समोर दोन कॅसेट डेक एका वायरीनं जोडलेले आहेत. भिंतीला लागून कॅसेटच्या रांगा, प्रत्येकीच्या पाठीवर बारीक अक्षरात तारीख, गाव, आणि एक आकडा. तो आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. ती कॅसेट मूळ टेपपासून कितवी पिढी आहे, हे तो सांगतो. मूळ टेपवरून उतरवली ती पहिली, तिच्यावरून दुसरी. दर पिढीला सूं थोडी वाढते, वरचे स्वर थोडे विरतात. दोन यंत्रांचा वेग तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे सहाव्या पिढीपर्यंत गाणं पाव-अर्धा स्वर वर किंवा खाली सरकलेलं असतं. वंशावळीचं हे वेड आपल्याकडच्या लग्नं जमवणाऱ्यांनाही लाजवील असं.

या खोलीत काही रीती पाळाव्या लागतात, आणि त्या कुठे लिहिलेल्या नाहीत. कॅसेट चांगल्या कंपनीची घ्यायची, नव्वद मिनिटांची. एकशेवीसवाली पातळ असते, गुंडाळते. दुप्पट वेगानं कॉपी करायची नाही. डॉल्बीचं बटण दाबायचं नाही, कारण पुढच्यानं दाबलं की नाही हे कोणाला कळत नाही. आणि पैसे घ्यायचे नाहीत. हे शेवटचं महत्त्वाचं. अदलाबदल करा. नवखा असेल तर तो कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवील, तुम्ही भरून पाठवा. जो विकतो तो धंदेवाला, आणि धंदेवाल्याबद्दल या खोलीत कंपनीपेक्षाही वाईट बोललं जातं.

आज पाकीट आलं आहे. फुगीर कागदी पाकीट, परदेशी तिकिटं, आत एकच कॅसेट आणि चिठ्ठी. लावता. आधी पावसासारखी सूं. मग पियानो, जपून टाकलेली पावलं असावीत तसा. मग गिटार. मग तो आवाज, जुन्या अंध ब्लूज गायकाचं नाव घेत संपणारं प्रत्येक कडवं गाणारा.

‘ब्लाइंड विली मॅक्टेल’. न्यूयॉर्कच्या पश्चिम 53व्या रस्त्यावर एके काळी वीज कंपनीची इमारत होती, तिचा स्टुडिओ झाला, नाव पॉवर स्टेशन. तिथं 1983 च्या मे महिन्यात हे गाणं झालं. पियानोवर डिलन, गिटारवर मार्क नॉफ्लर. त्या वर्षीच्या ‘इन्फिडेल्स’ या अल्बममध्ये ते असायला हवं होतं. डिलननं ते काढून टाकलं. का? नंतर त्यानं सांगितलं की ते नीट पुरं झालंच नव्हतं. मी हे पटवून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. जमलेलं नाही.

पण या खोलीत तुम्हाला ती चर्चा करायची नाही. तुम्ही गाणं परत मागे घेता, परत लावता. पाचव्या वेळी सूं ऐकू येईनाशी होते. कानाला खरखर गाळायची सवय लागते, गर्दीत ओळखीचा आवाज वेगळा काढावा तशी. आणि या गाळण्यात काहीतरी होतं. सीडीवरचं गाणं तुमच्याकडे येतं. या कॅसेटवरच्या गाण्याकडे तुम्हाला जावं लागतं.

(हे गाणं रीतसर प्रसिद्ध व्हायला 1991 उजाडलं. कंपनीनं त्या मालिकेचं नाव काय ठेवावं? ‘द बूटलेग सिरीज’. आणि पुस्तिकेतला मजकूर लिहायला कोणाला बोलावलं? जॉन बॉल्डी, ‘द टेलिग्राफ’ नावाचं डिलनप्रेमींचं नियतकालिक इंग्लंडमधून चालवणारा माणूस. अशा खोल्यांमधूनच तो वाढलेला. चोराच्या सोबत्याला कोतवालीत कारकुनी मिळावी, तसं.)

इथं एक आडवळण घेतो. ख्यालाच्या मैफली ऐकत वाढलेल्या माणसाला हे सगळं प्रकरण जरा गमतीचं वाटतं. एकाच गायकाच्या चार मैफलींतल्या चार यमनांचे स्पूल जपणारे रसिक आपल्याकडे कमी नव्हते. पण त्यातला ओके कुठला आणि एनजी कुठला, असं कोणी विचारलं तर ते हसले असते. यमन त्या दिवशी जसा झाला तसा झाला. डिलन पाश्चात्त्य स्टुडिओत बसून बराचसा या रीतीनं काम करतो. गाणारा आणि वाजवणारे एकाच वेळी, एकाच खोलीत. दोन टेकच्या मध्ये तो शब्द बदलतो, पट्टी बदलतो, लय बदलतो, आणि वादकांना आधी सांगायचे कष्ट घेत नाही. ‘इट टेक्स अ लॉट टू लाफ’ हे गाणं 1965 च्या जूनमध्ये आडवंतिडवं धावत होतं. जुलैच्या अखेरीस एका दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तेच गाणं संथ, पेंगुळलेलं होऊन आलं आणि तसंच अल्बमवर गेलं. दुसऱ्या कोणाचा आउटटेक म्हणजे बहुधा तेच गाणं, फक्त चुकलेलं. याचा आउटटेक म्हणजे वेगळंच गाणं. म्हणून लोक याचेच जमवतात. बाकी कारणं दुय्यम.

पुन्हा रिवाइंड. टेपवरची माणसं उलटी बोलतात, किरकिरतात, थांबतात.

डिसेंबर 1974, न्यूयॉर्क. तुमच्या हातात एक रेकॉर्ड आहे, लेबल जवळजवळ कोरं. हे टेस्ट प्रेसिंग. हजारो प्रती दाबण्याआधी साचा बरोबर आहे ना हे तपासायला मोजक्या काढतात, त्यातली. अल्बमचं नाव ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’. सप्टेंबरात सातव्या अव्हेन्यूवरच्या 799 क्रमांकाच्या इमारतीत हे सगळं झालं. त्या खोलीला तेव्हा ए अँड आर स्टुडिओ म्हणत होते. त्याआधी ती कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ ए होती. खोली लक्षात ठेवा. आपल्याला तिथंच जायचं आहे.

सुई टेकवा. गाणी दबकी आहेत. गिटार, बेस, क्वचित आणखी एखादं वाद्य. आणि नीट ऐकलं तर एक बारीक टकटक. कोटाची बटणं गिटारच्या लाकडावर आपटताहेत. कोणीही ध्वनिमुद्रक पहिल्यांदा हेच बंद करील. इथं कोणी केलं नाही, आणि त्यामुळे कसं झालंय की हा माणूस आपल्याच खोलीत, कोटही न काढता, बसल्या बसल्या सांगतोय.

ही रेकॉर्ड आज, या क्षणी, खरी आहे. कव्हर छापून झाली आहेत. आठवड्याभरात डिलन नाताळला मिनेसोटाला भावाकडे जाईल, त्याला हे ऐकवील, दोघांना काहीतरी खटकेल. 27 आणि 30 डिसेंबरला मिनियापोलिसच्या साउंड 80 स्टुडिओत स्थानिक वादक गोळा करून तो दहापैकी पाच गाणी नव्यानं करील. जानेवारीत अल्बम बाजारात येईल तो ही नवी पाच गाणी घेऊन, पण जुन्याच छापील कव्हरात. त्यामुळे मिनियापोलिसच्या वादकांची नावं त्यावर असणार नाहीत.

म्हणजे बघा: हातातली वस्तू तीच, खोबणी त्याच. एका माणसाचं मन बदललं आणि खरा माल चोरीचा झाला. पुढची चव्वेचाळीस वर्षं ‘न्यूयॉर्कवाला’ अल्बम या टेस्ट प्रेसिंगवरून उतरवलेल्या प्रतींमधूनच अख्खा ऐकायला मिळणार. मधूनमधून त्यातलं एखादं गाणं कंपनी सोडील. त्या सगळ्या टेप रीतसर बाहेर येतील त्या 2018 मध्ये. दोन्ही अल्बम माहीत असलेल्या माणसांत भांडणं लागतील. मला विचाराल तर ‘टँगल्ड अप इन ब्लू’ मिनियापोलिसचंच. त्याला पळायला रस्ता लागतो आणि तो तिथं मिळाला. ‘इडियट विंड’ मात्र न्यूयॉर्कचं. मिनियापोलिसला तो ओरडतो. न्यूयॉर्कला तो इतका थकलेला आहे की ओरडतही नाही, आणि ते जास्त भयंकर आहे.

जुलै 1969, लॉस एंजेलिस. ऊन डोळ्यांत जातंय. माणसं चंद्राबद्दल बोलताहेत. रेकॉर्डच्या एका छोट्या दुकानात तुम्ही शिरता, काउंटरपलीकडचा लांब केसांचा मुलगा तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, आणि खालून दोन रेकॉर्डचं एक पांढरं पाकीट काढतो. पूर्ण पांढरं. नाव नाही, फोटो नाही, कंपनी नाही.

“कोणाचं आहे?”

“ऐकलं की कळेल.”

आणि कळतं. याला पुढे ‘ग्रेट व्हाइट वंडर’ म्हणतील. काही पाकिटांवर रबरी शिक्क्यानं तेवढंच उमटवलेलं असेल. रॉक संगीतातलं पहिलं गाजलेलं बूटलेग. दोन तरुणांनी काढलेलं, मोटारीत घालून दुकानादुकानांत पोचवलेलं. खोलीवर नेऊन लावता, तर आतला क्रम म्हणजे आजीच्या बोचक्यासारखा. डिसेंबर 1961 मध्ये मिनियापोलिसला एका मैत्रिणीच्या घरी गायलेली गाणी, वीस वर्षांचा मुलगा म्हाताऱ्याचा आवाज काढतोय. (त्या टेपला सगळे ‘हॉटेल टेप’ म्हणतात, हॉटेल नसूनही.) मध्येच स्टुडिओतले टाकलेले टेक. मध्येच टीव्हीवरच्या कार्यक्रमातून उतरवलेलं एक गाणं. आणि सात गाणी अशी की ती कुठून आली तेच समजत नाही: ढगळ, हसरी, जुन्या बायबलातून आणि जुन्या दारूच्या गुत्त्यातून एकदम उठून आल्यासारखी.

प्रत वाईट आहे. काही ठिकाणी गादीखालून ऐकल्यासारखं. तरी तुम्ही पहाटेपर्यंत ऐकता, कारण या माणसाचा तीन वर्षांत धड पत्ता नाही. 1966 च्या जुलैत मोटरसायकलवरून पडला, दौरे बंद केले, न्यूयॉर्कच्या उत्तरेला रानात जाऊन राहिला. जे दोन अल्बम आले ते अतिशय शांत, नीटनेटके. आणि ही सात गाणी सांगताहेत की त्या शांततेआड काहीतरी भलतंच चाललं होतं.

पोलीस का आले नाहीत? कारण तेव्हाच्या अमेरिकी केंद्रीय कायद्यात शब्दांना आणि चालीला संरक्षण होतं, ध्वनिमुद्रणाला नव्हतं. ते मिळालं 15 फेब्रुवारी 1972 पासून. राज्यांचे आपापले नियम होते, पण मधली फट मोटार जाईल एवढी होती. अर्थात फट होती म्हणून चोरी चोरी राहत नाही असं नाही. गाणारा एक, वाजवणारे पाच, आणि पैसे सातव्याच्याच खिशात. डिलन स्वतः याबद्दल पुढे चिडून बोलला आहे, आणि त्याचा मुद्दा सरळ आहे: आपण चार भिंतींत जे गुणगुणतो तेही बाजारात जायचं, तर गुणगुणायचं कुठं? याला माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त सांगतो की त्या पहाटे ती रेकॉर्ड पुन्हा पाकिटात घालताना तुमच्या मनात हा प्रश्न आलाही नव्हता.

ती सात गाणी कुठून आली ते बघायला दोन वर्षं मागे या.

1967, उन्हाळा. वेस्ट सॉगर्टीजच्या झाडीत एक गुलाबी रंगाचं घर, म्हणून नाव बिग पिंक. तळघराच्या जिन्यावर बसा, शेवटून तिसऱ्या पायरीवर. खाली सिमेंटची जमीन, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, कोपऱ्यात घर गरम करायची लोखंडी भट्टी. आवाज भिंतींवर आदळून परत येतो. ध्वनिमुद्रणाला याहून वाईट जागा शोधायलाच लागेल. रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल, रॉबी रॉबर्टसन. अजून यांना ‘द बँड’ हे नाव पडायचंय. ऑर्गनवर गार्थ हडसन, आणि त्याच्या हाताशी एक छोटा उहर टेपरेकॉर्डर. तो बोलत नाही. बटण दाबतो, वाजवायला लागतो, गाणं संपलं की बटण दाबतो. पुढे सगळं जग ज्या टेपच्या मागे लागणार आहे त्यांची देखभाल एवढीच.

गाणी कोणासाठी चालली आहेत? बरीचशी स्वतःच्या गमतीसाठी. काही मात्र दुसऱ्या गायकांना पाठवायला. चौदा गाण्यांच्या नमुना-रेकॉर्डी प्रकाशनसंस्थेकडून गायकांकडे जातील, आणि मॅनफ्रेड मान त्यातलं ‘माइटी क्विन’ उचलून 1968 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर नेतील. गळती इथूनच. चौदा गाणी दहा हातांत गेली की अकरावा हात फार लांब नसतो.

बसून राहा, एक गाणं ऐका. ‘आय’म नॉट देअर’. शब्द अजून झालेले नाहीत. काही ओळी अर्थाच्या आहेत, काही नुसतेच आवाज, शब्दाच्या आकाराचे. तो अडखळत नाही; जिथं शब्द नाही तिथं स्वर टाकून पुढे जातो, आणि दुःख कुठंही तुटत नाही. आपल्याकडे तराण्याला अर्थ लागत नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण याला कमी दचकतो. हे गाणं तो पुन्हा पुरं करणार नाही. रीतसर प्रसिद्ध होईल ते चाळीस वर्षांनी, त्याच नावाच्या सिनेमाबरोबर.

कंपनी 1975 मध्ये या तळघराचा दोन रेकॉर्डींचा अल्बम काढील खरा. पण त्यात काही गाण्यांवर नंतर वाद्यं चढवलेली असतील, आणि चोवीसपैकी आठ गाण्यांत डिलन असणारच नाही. सगळं आणि जसं होतं तसं यायला 2014 उजाडावं लागेल: सहा सीडी, 138 ट्रॅक. मधल्या एकोणचाळीस वर्षांत या पायरीवरून तुम्हाला जे ऐकू येतंय त्याच्या जास्त जवळ कोण होतं? कंपनीचा अल्बम नव्हे. चौथ्या पिढीची खरखरती कॅसेट. माझं या नादाबद्दलचं जे काही समर्थन आहे ते एवढ्या एका हिशेबावर उभं आहे.

आता शेवटचा टप्पा. 15 जून 1965. सातवा अव्हेन्यू, 799.

लिफ्टनं वर या. स्टुडिओ ए. काचेच्या या बाजूला, निर्माता टॉम विल्सनच्या मागे, भिंतीला टेकून उभे राहा. आज गाणं तीनच्या ठेक्यात चाललंय, चक्क वॉल्ट्झ. डिलन पियानोवर. नीट बसत नाही. चाल पुढे जायला बघते आणि ठेका तिला गोल गोल फिरवत ठेवतो. पाच टेक होतात. आवाज बसला, असं तो स्वतःच म्हणतो आणि थांबतात. या पाचांपैकी एकही कामाचा नाही, आणि मी या पाचांसाठी बाकी पुष्कळ काही सोडून देईन. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नावाची वस्तू अजून जगात नाही. काय होणार ते त्या खोलीत कोणालाही माहीत नाही.

16 जून. तीच खोली. आज ठेका चारचा. माइक ब्लूमफील्ड गिटारवर. एकवीस वर्षांचा अल कूपर विल्सनचा पाहुणा म्हणून आलाय, गिटार वाजवायला मिळेल या आशेनं. ब्लूमफील्डचं ऐकून त्यानं आपली गिटार गुपचूप आवरली आणि तो तुमच्या शेजारी येऊन बसला. थोड्या वेळानं ऑर्गनवरचा पॉल ग्रिफिन पियानोकडे जातो. ऑर्गन रिकामा. कूपर ऑर्गन वाजवणारा नव्हे. तरी तो उठतो, आत जातो, बसतो. विल्सनला दिसतं. तो हाकलून देऊ शकतो. देत नाही.

तुमच्या अंगावर काटा येतो, कारण पुढचं तुम्हाला पाठ आहे. हा मुलगा प्रत्येक सुरावट एक कणभर उशिरा टाकणार, बाकीचे कुठं जातात ते आधी बघून. त्या कणभर उशिरानंच गाण्याला त्याची चाल मिळणार. ऐकून झाल्यावर डिलन ऑर्गन मोठा करायला सांगणार. गाणं सहा मिनिटांचं, एवढं लांब रेडिओवर कोण लावणार म्हणून विक्रीवाले नाक मुरडणार. मग कंपनीतलाच एक तरुण कचेरी हलवताना टाकून दिलेल्या सामानातून त्याची अ‍ॅसिटेटची नमुना-रेकॉर्ड घरी नेणार, एका नाचाच्या क्लबात लावणार, आणि लोक ती पुन्हा पुन्हा मागणार. म्हणजे या गाण्याचा सगळ्यांत ओके टेकसुद्धा आधी कचऱ्यातूनच बाहेर पडला! 20 जुलैला रेकॉर्ड येईल आणि बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढेल.

पण ते पुढचं. आत्ता चौथा टेक. ड्रमचा तो एक फटका, दार लाथेनं उघडल्यासारखा. सहा मिनिटं. कोणी चुकत नाही. चुकतात तेही बरोबर ठिकाणी चुकतात. शेवटी हार्मोनिका विरते. खोलीत क्षणभर काही नाही.

झालं. हाच तो. तुम्ही काचेवर हात टेकवून उभे आहात. ओरडून सांगावंसं वाटतंय: थांबा, मिळाला, आता चहाला सुटा.

कोणी थांबत नाही. ब्लूमफील्ड तार पिळतो. डिलन कागद खालीवर करतो. त्यांना अजून अकरा टेक करायचे आहेत, आणि त्यातला एकही याच्या जवळपास जाणार नाही. काही मध्येच मोडतील, काही धावतील, काही नुसतेच लांबतील. नाद लागलेली माणसं पुढची पन्नास वर्षं हेच अकरा शोधत फिरणार आहेत, आणि तुम्ही इथं फुकट उभे आहात, सूं नाही, खरखर नाही, पिढी पहिलीसुद्धा नाही.

काचेला कान लावा. दिवा पुन्हा लाल होतो. आतून आकडा पुकारला जातो: पाच.